विहिरीचं गणित

काल नातीच्या शाळेत कुणीतरी ओल्या फडक्यानं फळा पुसला, आणि त्या वासानं मला बाहत्तर सालातल्या, नेवाशाकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत नेलं. मी पाचवीत होते. पण शेख गुरुजी गणिताच्या तासाला मला सातवीत बसवत. तपासणीला आलेल्या साहेबांच्या ते नजरेस पडलं.

"कुणाच्या परवानगीनं?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

साहेबांनी मला फळ्यापाशी उभं केलं. एक इंजिन विहीर सहा तासांत उपसतं, दुसरं तीन तासांत. दोन्ही एकदम लावली तर किती वेळ लागेल?

घामानं खडू बोटांतून निसटत होता. मागं कुणीतरी फिसकन हसलं. बऱ्याच वेळानं मी लिहिलं, 'दोन तास.'

"कसं काय?"

"एका तासात अर्धी इहीर रिकामी हुती, साहेब."

"उत्तर बरोबर आहे. पण नियम मोडलाय."

"मोडला तो मी, साहेब," गुरुजी म्हणाले. "पोरीला बसू द्या."

मला बसू दिलं. उन्हाळ्यात गुरुजींची मात्र लांबच्या गावी बदली झाली. त्या दिवशी परीक्षा माझी होती, असंच मला कित्येक वर्षं वाटत राहिलं.