दोघांचा विमा

आजारपणाचा विमा ही तेव्हा रत्नागिरीत नवी गोष्ट होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. माणूस गेल्यावर घरच्यांना पैसे देणारा विमा सगळ्यांना ठाऊक होता. पण हॉस्पिटलच्या बिलासाठी विमा, आणि वर्षभर कुणी आजारी पडलं नाही तर भरलेले पैसे गेले, हे बाबांच्या पचनी पडत नव्हतं.

तो विमा घेऊन आले ते मास्तर. बाबांच्याच गावचे, शहरातल्या शाळेत शिकवायचे. एजन्सी बायकोच्या नावावर होती, काम सगळं ते करायचे. सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं कुणी नाही.

"भाऊ, उद्या कुणाला मुंबईला न्यायची वेळ आली तर कुणाच्या तोंडाकडे बघायला नको," ते म्हणाले. मग इंग्रजी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "वाच गो. कॉन्व्हेंटची ना तू? कळू दे बाबांना, फी कुठे गेली ती."

मी मान खाली घालून वाचलं. घरात कुणाला आधीपासून काही आजार आहे का, असं विचारलं होतं. असल्यास त्या आजारासाठी पैसे मिळणार नव्हते. मी ते मराठीत सांगितलं आणि थांबले. आईच्या गर्भाशयात गाठ होती. पाळीच्या दिवसांत ती भिंतीला धरून चालायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. घरात आम्ही त्याला 'त्रास' म्हणायचो, त्यापुढे कुणी जायचं नाही. विम्याचा विचारही त्या ऑपरेशनसाठीच चालला होता.

"छे, सगळे ठणठणीत," बाबा म्हणाले. आई दारात कपबश्या घेऊन उभी होती. ती तशीच आत गेली.

पैसे भरायच्या आधी आत्या आडवी आली. ती बाबांची थोरली बहीण, गावच्या घरात राहायची. "आजारी पडणार म्हणून आधीच पैसे भरायचे? म्हणजे आजाराला आवतण दिल्यासारखं झालं. आधी देवाला विचार." घर बांधताना देवाला विचारलं होतं. मला इंग्रजी शाळेत घालतानाही विचारलं होतं. बाबांना नाही म्हणता आलं नाही.

रविवारी आम्ही लांज्याला उतरून गावच्या देवळात गेलो. कौल लावायचा म्हणजे गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. पण त्याआधी गाऱ्हाणं घालावं लागतं, तेही मोठ्याने, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणतात. देवापासून काही लपवलं तर कौल खरा येत नाही. बाबांना हे लहानपणापासून माहीत होतं. तरी मोघम बोलून भागेल असं त्यांना वाटलं असावं.

"कसला विमा?" गुरवाने विचारलं.

"आजाराचा."

"कोणाच्या आजाराचा?"

बाबांनी नुसते हात जोडले. आत्या पुढे झाली. "देवाकडे लाज कसली रे? माझ्या भावजयीच्या पोटात गाठ आहे. अंगावरून जातं. ऑपरेशन करायचंय. आणि ते कागदावर सांगितलं नाही, सांगितलं तर पैसे देत नाहीत."

गुरवाने ते जसंच्या तसं देवापुढे मांडलं. पोटात गाठ आहे. होय महाराजा. अंगावरून जातं. होय महाराजा. कागदावर लपवून ठेवलंय. होय महाराजा. जीवशास्त्राच्या वहीत मी त्या अवयवाची नावांसकट आकृती काढली होती, त्याला चांगले मार्कही मिळाले होते. इथे ओळखीचे-अनोळखी पुरुष एका सुरात त्याला होकार देत होते, आणि शेजारी आई पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी खांबाकडे पाहिलं. तिथे मास्तर उभे होते. मुलाच्या नोकरीचा कौल लावायला आले होते. सवयीने तेही सगळ्यांबरोबर 'होय महाराजा' म्हणून गेले होते.

उजवी पाकळी पडली.

बाहेर वहाणा घालताना मास्तर बाबांजवळ आले. "देवान उजवा दिलान, भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आता माझ्या कानावर पडलं. तो कागद मी कसा पाठवू? वहिनींना वगळू या. तुमचा नि मुलीचा करतो."

घरी आल्यावर आईनेच विषय काढला. "करा दोघांचा. हिचं लग्न व्हायचंय अजून."

"आणि तुझं?" बाबांनी विचारलं.

"माझं आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. काढतील वर्गणी."

पुढच्या आठवड्यात मास्तर नवा फॉर्म घेऊन आले आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.

आईचं ऑपरेशन मिरजेला झालं. आमच्या विम्याचा तिथे काही उपयोग नव्हता. गावाकडच्या दोन बायका एवढ्या लांब तिला बघायला आल्या. कॉटच्या कडेला बसून त्यांनी सरळ विचारलं, "थांबलं का गो अंगावरून जायचं?" आई हसून म्हणाली, "थांबलं." मग ती त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. मला कधीच सांगितलं नव्हतं, तेही. बाबा उठून व्हरांड्यात गेले. थोड्या वेळाने मीही त्यांच्यामागे गेले.