एक पाऊल अलीकडे

शकूताईंना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं मी कितीतरी वर्षं हसत हसत सांगत आलो. मी चंद्रहास. विरार पूर्वेच्या एका शाळेत पी.टी. शिकवतो, राहतो चंदनसारला. बेसबॉल मी दहा दिवसांच्या शिबिरात शिकलो आणि अकराव्या दिवसापासून शिकवायला लागलो. तोरा मात्र असा, की हा खेळ जणू माझ्याच घरी जन्मला.

शकूताई चांदीपच्या. दीड एकर भात, परसात भेंडी-गवार, टेम्पो चालवणारा नवरा आणि एकुलती एक हेमांगी. हेमांगी आठवीत होती तेव्हा तिने मैदानाच्या पार टोकाहून एक चेंडू परत फेकला, तो थेट माझ्या पुढ्यात. कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "शेतात, सर. आये शिकवते."

मी स्कूटर काढून चांदीपला गेलो. लावणी चालू होती. चिखलात सात-आठ बाया ओळीने वाकलेल्या आणि बांधावर शकूताई, रोपांच्या जुड्यांचा ढीग घेऊन. जिच्या हातातली रोपं संपत येतील तिच्याकडे त्या जुडी फेकत. जुडी हवेतून जाई आणि त्या बाईच्या बरोबर एक पाऊल अलीकडे पडे. तिला मान वर करावी लागत नसे, नुसता हात पुढे करायचा. "वाकल्याली बाई वर बगत नाय," शकूताई म्हणाल्या. "तिला लागता नये, आनी तिला हुडकायलापन लागू नये." दुसऱ्या बांधावरून हेमांगी तेच करत होती.

मी त्या पोरीला बेसबॉलमध्ये ओढलं. तालुका झाला, जिल्हा झाला. आणि मग मला तिच्यात खोट दिसायला लागली. शिबिरात आम्हाला घोकून घोकून सांगितलं होतं, फेक समोरच्याच्या छातीशी गेली पाहिजे. हेमांगीचा चेंडू एक पाऊल अलीकडे टप्पा घ्यायचा. मी शकूताईंना स्पष्ट सांगून टाकलं. "हाताला शेतातली खोड लागलीय. ही मोडली नाही तर पोरगी भारताच्या संघात जायची नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच लावली ती."

मी हो म्हणालो. आजही ते हो आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्यानंतरच्या दोन लावण्यांना त्यांनी हेमांगीला बांधावर पाऊल ठेवू दिलं नाही. दोघींचं काम एकटीने केलं, दुखऱ्या खांद्याने. हेमांगीची भारताच्या संघात निवड झाली, ती तिच्या हातातल्या ताकदीमुळे असं मी धरून चाललो. बँकॉकच्या आशियाई महिला स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी ती मला भेटायला आली आणि तेव्हा मला बाकीचं कळलं. शकूताई रोज संध्याकाळी छातीला उशी बांधून घरामागे उभ्या राहत आणि लेकीला म्हणत, मार हितं, छातीवर मार. टप्पा घेऊन उसळलेल्या चेंडूंनी गळ्याखाली काळेनिळे डाग पडले होते, ते पदराखाली झाकलेले.

"पण सर, आयेला लागेल म्हणून माझा हात खालीच येतो," हेमांगी म्हणाली. "मी मुद्दाम नाही करत."

म्हणजे खोड तशीच होती. ती घेऊनच पोरगी गेली.

मॅच होती पाचव्या-सहाव्या क्रमांकाची, इंडोनेशियाशी. अख्ख्या देशात ती कुणी पाहत असेल असं वाटत नाही. चांदीपला मात्र भात कापून अंगणात आणलं होतं, त्याच्या भाऱ्याला मोबाइल टेकवून शकूताई आणि मी बसलो होतो. शेवटचा डाव आला. भारत सहा, इंडोनेशिया पाच. त्यांची आणखी एकच खेळाडू बाद करायची होती. त्यांच्या बॅटरने चेंडू हाणला तो मधून निघाला आणि लांब उभ्या असलेल्या हेमांगीकडे गेला. त्यांची एक पोरगी आधीपासून दुसऱ्या बेसवर होती, ती सुटली. ती घरच्या बेसला पोचली तर बरोबरी.

हेमांगीने चेंडू उचलला आणि फेकला.

तो खाली यायला लागला. घरच्या बेसवरची कॅचर पुढे वाकून वाट पाहत होती आणि चेंडू तिच्या एक पाऊल अलीकडे जमिनीवर आपटला. शकूताईंनी पदर तोंडावर घेतला. "माजीच खोड," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी पुढचं पाहिलंच नाही. मी पाहिलं. टप्पा घेऊन चेंडू कॅचरच्या हातमोज्यात गेला, घोट्याच्या उंचीवर. धावत आलेली पोरगी घसरत आली ती सरळ त्या हातमोज्यावर. बेसला पोचायच्या आत चेंडू अंगाला लागला, म्हणजे बाद. चेंडू छातीशी आला असता तर तो खाली नेऊन तिला लावेपर्यंत ती बेसवर पोचली असती. समालोचक इंग्रजीत तेच सांगत होता, की इतक्या लांबून फेकताना टप्पा घ्यावा तर असाच.

"शकूताई, जिंकलो," मी म्हणालो. त्यांना खरं वाटेना. मग मी त्यांना समालोचकाचं बोलणं शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. "खोड नव्हती ती. मलाच कळत नव्हतं. मी चुकलो."

त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "मंग मास्तर, मी दोन वरसं उशी कशाला बांदली?"

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. त्यांनी उठून पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला, माझ्या हातापासून थोडा अलीकडे.

तासाभराने हेमांगीचा व्हिडिओ कॉल आला. मागे पोरींचा गलका चाललेला. "आये, पाहिलंस का? इथले कोच पहिल्या दिवसापासून म्हणतात, हा थ्रो बदलू नकोस. पण तुला सांगायला धीरच होत नव्हता, तू एवढी रोज उभी राहायचीस."

शकूताईंनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. एवढ्या दिवसांचं मनात साठलेलं आता बाहेर पडेल, असं मला वाटलं.

"ती पुडं वाकल्याली पोरगी," त्यांनी विचारलं, "तिला लागलं तं नाय ना?"