बोंबलांचा वास

समुद्रकाठच्या आमच्या पालीला बसमधून उतरलं, की बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो आणि आजही माझं डोकं फिरतं.

आठवीत मी वक्तृत्व स्पर्धेत एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेवर बोलले होते. तिने सोसलेली हेटाळणी, तिची पुस्तकं, माणूस म्हणून वागवा म्हणत तिने काढलेले मोर्चे. ऐकताना आमच्या बाईंचे डोळे भरून आले. पहिला नंबर माझा आला. फोटोसाठी आई बोंबील तसेच टाकून धावत आली, तर त्याच बाई तिला म्हणाल्या, "तुम्ही जरा लांब थांबता का? वास येतोय."

"थांबते मी बाहेर. काय न्हाय त्यात," म्हणत आई हसली.

तेव्हा मला ते हसू खरं वाटलं होतं. फोटोत बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत. तो हात झटकायचा राहिला.