तिच्या नावाचा केसपेपर

बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरात मी गर्भाशयाची आकृती नावांसकट काढली होती आणि ती बरोबर होती. तरी पाळीत खराब रक्त बाहेर पडतं, अशीच माझी पक्की समजूत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावाहून एसटी धड मिळत नसे, म्हणून शहापुरात कॉलेजजवळ एका मावशींकडे मी खोली घेतली होती. माझ्याबरोबर आर्ट्सची एक मुलगी राहायची, मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली. पाळीला दोघी जुन्या साडीचे तुकडेच वापरायचो. मी ते धुऊन खाटेखाली, परकराच्या आत लपवून वाळत घालायची. पावसाळ्यात ते ओलसरच राहायचे. ती मात्र परसात उन्हात टाकायची.

"पुरुषमाणसं येतात-जातात इथून," मावशी ओरडल्या.

"धुतलेला हाय ना, मावशी," ती म्हणाली.

त्या श्रावणात मला खाज सुटली, मग जखमा झाल्या. तीन आठवडे मी कोणाला बोलले नाही. शेवटी तिनेच विचारलं, "काय झालाय गो तुला? नीट चालत नायस."

मी सांगितलं. सरकारी दवाखान्यात जायला मात्र मी तयार होईना. लग्न न झालेल्या मुलीचं नाव असल्या तक्रारीसाठी तिथं नोंदलं गेलं, तर गावभर झालं असतं.

"माझ्या नावाचा केसपेपर काढू," ती म्हणाली. "मला कोण वळखतंय इथं?"

तसंच केलं. डॉक्टरबाईंनी मला तपासलं, औषध दिलं आणि विचारलं, "कापड कुठं वाळवतेस?" मी सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उन्हात घाल. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

तिथली एक आया मावशींच्या ओळखीची निघाली; केसपेपरवरचं नाव तिनं मावशींना सांगितलं. चौथ्या दिवशी मावशी दारात उभ्या राहिल्या आणि माझ्या सोबतिणीला म्हणाल्या, "असली दुखणी घेऊन येणारी मुलगी मला घरात नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती पेटी घेऊन मुलींच्या वसतिगृहावर गेली.

आठ दिवसांनी मी मावशींना सांगितलं की पेपर तिच्या नावाचा होता, पण आजारी मी होते. त्यांना ते पटलं नाही. "चांगल्या घरची तू, तिचं कशाला अंगावर घेतेस?" म्हणत त्या आत गेल्या.

मी वसतिगृहावर जाऊन तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रागावलेली दिसली नाही, पण हसलीही नाही.

"तुझी खाज गेली का?" तिने विचारलं.

गेली, म्हटलं.