आधीची पंगत

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पिंपरीला औषधाच्या कारखान्यात मी बाटल्या धुवायचो. शिक्षण चौथीपर्यंत, राहायला पाच जणांत एक खोली. साताऱ्याकडे गावी वडिलांची नजर गेली, आईचे गुडघे गेले, तेव्हा आमच्या मुकादमांनी चाकणजवळच्या एका धर्मादाय आश्रमासाठी चिठ्ठी दिली. दोघांची फुकट सोय झाली. त्या उपकाराखाली मी अजून वाकलेलो आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

महिन्याने भेटायला गेलो तर आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आजींचे उपवास फार," व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले.

उपवास कसले! तिथे बायकांची पंगत आधी बसायची, कारण मागची भांडी घासायचं काम त्यांच्याकडे. पुरुष नंतर, पलीकडच्या इमारतीत. आई जन्मात कधी वडिलांच्या आधी जेवली नव्हती. वाढलेलं ताट शेजारणीकडे सरकवायची. नंतर काही मिळायचं नाही.

"साहेब, हिला मागनं वाढलं तर?"

"एकीसाठी पद्धत मोडू? चिठ्ठीवर घेतलंय हो. जमत नसेल तर न्या दोघांना."

मी हात जोडले. नेणार कुठे होतो?

वडील ओट्यावर दोन म्हाताऱ्यांत हसत बसले होते. अंगावर मांस चढलं होतं.

"आबा, आईला सांगा, आधी जेव म्हणावं. उपाशी मरंल ती."

"त्येवढ्यासाठी म्या ठेचकाळत पलीकडं जाऊ? भूक लागली की जेवंल. तंबाखू आणलीयास न्हवं?"

पुडी दिली. परत येऊन आईला म्हटलं, "आबांनी सांगितलंय, तू आधी जेवत जा."

"त्येनी सोता सांगितलं?"

"व्हय."

तेवढ्यात घंटा झाली. ती पंगतीला बसली. भाकरी, आमटी, पुन्हा भाकरी. दाराशी उभं राहून बघताना मला हायसं वाटलं. हात धुवून ती आली.

"एवढंच सांगायचं हुतं, तर घरी कदी का न्हाई सांगितलं? तुझ्या येळंला पोटुशी हुते, तवाबी दिस मावळंपातुर वाट बघत बसायची मी."

खरं सांगितलं असतं, तर उद्यापासून ताट पुन्हा शेजारणीकडे.

"म्हातारपणी सुचलं आसंल," मी म्हणालो.

"सुचलं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात दाबत भांड्यांकडे गेली.

कारखान्यात माझी दुसरी पाळी होती. निघताना मी व्यवस्थापकांच्या पाया पडलो.