विसावलेली विहीर

नांदेडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भूगर्भशास्त्र शिकवते. म्हणजे तास घेतले तर पगार, उन्हाळ्यात हरी हरी. म्हणून एका सुट्टीत विहिरी मोजायचं काम घेतलं. औशाच्या पुढे एका ओढ्याकाठी सखल पट्टा आहे, तिथल्या जमिनीवर पांढरा खार फुटतो. ती माती खणून, धुऊन त्यातून सोडा काढायचा एका कंपनीचा प्रस्ताव होता. त्याआधी आसपासच्या विहिरींत पाणी किती, ते कागदावर यायला हवं होतं. कागदावर आणणारी मी.

तिथला भूगर्भ मी वर्गात दहा मिनिटांत उरकते. वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका, भोकाभोकांचा खडक आणि खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते त्या फुटक्या खडकात, आणि तो थर जेमतेम पुरुषभर जाडीचा. चढाला पाणी गोडं, उताराला खारं. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारं पाणी तिकडे सरकतं, आणि एकदा सरकलं की परत फिरत नाही. हे कळायला डिग्री लागत नाही. तिथल्या बायकांना डाळ शिजेनाशी झाली की कळतं.

डाळ शिजेल असं पाणी चढावरच्या एकाच विहिरीला होतं. अर्धं गाव प्यायला तिथूनच न्यायचं. विहीर एका मावशींची. घरात त्या आणि त्यांचा मुलगा. दोघं घरी असावीत म्हणून मी चार दिवस आधी फोन करून ठेवला होता. नियम तसाच आहे.

गेले ती एप्रिलमधली दुपार. शेजारच्या दोन विहिरींत तळाचे दगड दिसत होते. इथे मात्र चार पुरुष टेप सोडली तर ओली होऊन वर आली.

"मोटर शेवटची कधी चालवली?" मी फॉर्मवरचा प्रश्न विचारला.

"सकाळीच की," मुलगा म्हणाला. "रोज चालती. पानी हटत न्हाई."

मावशी पदराआड हसत होत्या. "आमच्या हिरीला मरण न्हाई बगा."

मी वाकून आत पाहिलं. रोजचं पाणी जिथवर असतं तिथे धरणारी शेवाळाची हिरवी रेघ पाण्याखाली हातभर बुडाली होती, आणि पाणी टेकलं होतं कोरड्या, उन्हाने पांढुरक्या पडलेल्या दगडांना. रोज उपसल्या जाणाऱ्या विहिरीत असं दिसत नाही. मी लगेच ओळखलं. आमच्याकडे सोयरीक जुळवायला पाहुणे येणार असले की दोन-तीन दिवस मोटर बंद ठेवतात. भरलेली विहीर पाहिली की पोरगी देणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. माझ्या मामाकडेही हेच चालायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या मायलेकांनी मला पाहुणी समजून विहिरीला विसावा दिला होता.

तेव्हाच म्हणायचं होतं, मावशी, मी काही सोयरीक घेऊन आलेली नाही, दोन दिवस मोटर चालवा, मग येते. पण पुढे अकरा विहिरी होत्या, डोकं तापलं होतं, आणि मावशींचा चेहरा इतका खुललेला होता की त्यांचं मन मोडवेना. हे चेहऱ्याचं कारण मी नंतर शोधलं. खरं म्हणजे मला परत यायचा कंटाळा आला होता. मी आकडा लिहिला, शेऱ्यात 'उपसा रोज चालू' लिहिलं, मुलाची सही घेतली आणि चहा पिऊन निघाले.

पावसाळ्यानंतर गावात जनसुनावणी झाली. शाळेच्या पटांगणात मंडप, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. आकड्यांबद्दल कोणी विचारलंच तर असावी, म्हणून मलाही बोलावलं होतं. कंपनीचा सल्लागार अहवाल वाचत होता. माती धुवायचं पाणी चढावर बोअर पाडून घेणार. आणि ते तिथे आहे याला आधार काय, तर भर उन्हाळ्यात, रोज उपसा होत असताना एवढं पाणी टिकवून धरणारी एक विहीर. बायकांच्या घोळक्यात मावशी बसल्या होत्या. "आमची हाय ती," त्या शेजारणीला म्हणाल्या. मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "बोरं पाडल्यावर त्या हिरीचं काय?"

"काही होणार नाही," सल्लागार म्हणाला. "पाणी भरपूर आहे."

मावशींच्या तोंडावरचा रंगच गेला. त्या उठल्या. "सायेब, तसं न्हाई. तीन दिस मोटर बंद ठिवली व्हती. बाई येनार म्हनून. रोज उपसली तर चैतात दोन घागरीला घंटाभर बसावं लागतंय."

मंडपात हशा पिकला. सल्लागारही हसला. "मावशी, कागदावर तुमच्या मुलाची सही आहे. मग आम्ही खरं कोणतं धरायचं?" मुलगा खाली बघत चपलेने माती उकरत राहिला.

टेबलावरचे अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, मोजमाप तुमचं. बरोबर आहे ना?"

टेप खोटं बोलली नव्हती. त्या दुपारी पाणी तिथेच होतं. "हो, बरोबर आहे," मी म्हणाले. शेवाळाच्या रेघेचं बोलले नाही. बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, की बाई, मग 'उपसा रोज चालू' असं का लिहिलंत? आणि पुढच्या सुट्टीचं काम गेलं असतं. मी भित्री आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे, पण त्याचा भुर्दंड असा दुसऱ्यावर पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मावशींचं म्हणणं नोंदवून घेतो, असं अधिकारी म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. परवानगी मिळाल्याचं मला नंतर पेपरातून कळलं.

सुनावणी संपल्यावर मावशी गर्दीतून वाट काढत माझ्या गाडीपाशी आल्या. वाटलं, आता शिव्या घालतील. घालाव्यात, असंच वाटत होतं. त्यांनी माझा हात धरला.

"बाई, आमच्या खोट्यापायी तुमाला चार मानसांत जाब द्यावा लागला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मनाला लावून घिऊ नका. तुमची काय चूक हाय त्यात?"

"असू द्या, मावशी," मी म्हणाले, आणि गाडीत बसले.