अण्णा, प्रोग्राम त्याच दिवशी होता

अण्णा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याशी खोटं बोलले.

आज वर्ष झालं. दुपारी माणसं जेवून गेली, घर आवरून झालं, आता लिहायला बसलेय.

अण्णा म्हणजे माझे सासरे. उज्जैनच्या सरकारी शाळेत जन्मभर हिंदी शिकवलं. एरवी शांत माणूस. पण वर्षातून एकदा टीव्हीवर फिल्म अवॉर्ड्स लागले की अंगात यायचं.

फ्रीगंजच्या आमच्या घरात तो दिवस म्हणजे सण. टावर चौकातून कचोरी यायची. फोन वाजला तर अण्णा स्वतः उचलून सांगायचे, "मास्टरसाहब घर पर नहीं हैं."

आणि मग कॉमेंट्री.

"हा अँकर बघ, हिंदी रोमनमध्ये लिहून आणतो! ऐक, ऐक कसा वाचतोय!"

"सगळ्या दुनियेला थँक्यू म्हटलं, मास्टरचं नाव नाही घेतलं. शाळेत गेलाच नाही वाटतं."

"ड्रेस बघ हिचा. बिचारी बसणार कशी?"

विनरचं भाषण आम्हाला कधीच धड ऐकू आलं नाही.

हरणाऱ्यांवर त्यांचा भारी जीव. एखादी हरलेली नटी हसून टाळ्या वाजवताना दिसली की अण्णा टीव्हीला सांगणार, "चेष्टा चांगली केलीस, बेटा. पुढच्या साली बघू."

या 'चेष्टा'वरून एकदा महाभारत झालंय.

मी साताऱ्याची. लग्नाला जेमतेम महिना. अवॉर्ड्स बघायला शेजारचे लोक आलेले, मी त्यांच्याशी तोडकंमोडकं हिंदी बोलत होते. अण्णा मोठ्या कौतुकाने त्यांना म्हणाले, "हमारी बहू हिंदी बोलने की अच्छी चेष्टा करती है!"

आमच्याकडे चेष्टा म्हणजे टिंगल.

चारचौघांत सासरा म्हणतोय, ही आमच्या भाषेची टिंगल करते! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि मुसमुसत कांदे चिरायला घेतले. सगळ्यांची जेवणं झालेली होती, हे माझ्या डोक्यातच नाही.

सासूबाई मागोमाग आल्या. "अगं वेडे, इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. तारीफ केली त्यांनी तुझी!"

बाहेर अण्णांना कळलं, तर हा माणूस प्रोग्राम सोडून आत आला. अवॉर्ड्स चालू असताना अण्णा खुर्चीवरून उठलेले मी तेवढेच पाहिले.

"माफ कर, बाई. शब्द आमचा चुकला, मराठी तुझी बरोबर आहे. चल, माझ्या बाजूला बस."

तेव्हापासून अठरा वर्षं त्यांच्या बाजूची जागा माझी.

आणि खरं सांगू? शेवटी शेवटी मला त्या कॉमेंट्रीचा वैताग यायचा.

गेल्या वर्षी अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पलंगावरून उठवून व्हीलचेअरवर बसवायचं आणि मग हॉलमध्ये आणायचं. नवरा टूरवर होता. सासूबाईंच्याने ते होत नाही. म्हणजे मीच.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "सूनबाई, आज आपला प्रोग्राम आहे न?"

मी म्हटलं, "नाही अण्णा, उद्या आहे."

"अच्छा. उद्या?"

"हो. उद्या."

"ठीक."

आणि मी बाजूच्या खोलीत दार लोटून, कानात इयरफोन घालून, मोबाईलवर तोच प्रोग्राम बघितला.

मी दमले नव्हते. काही काम नव्हतं. मला फक्त एकदा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा होता, मध्ये कोणी न बोलता. बघितला. सगळी भाषणं ऐकली. त्यातलं एकही आज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत.

वर्षभर हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. भेटायला आलेले लोक म्हणायचे, सुनेने लेकीसारखं केलं हो. मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

गेल्या रविवारी यंदाचे अवॉर्ड्स होते. सासूबाई म्हणाल्या, लाव. लावले. दोघी बसलो.

अँकरने हिंदीची पार वाट लावली. घरात कोणी काही बोललं नाही.

त्या क्षणी मला अण्णा इतके हवे होते, इतके हवे होते की काय सांगू. त्यांचं ते ओरडणं हवं होतं. मला रडूच फुटलं. आणि मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

त्या टीव्हीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "त्यांना मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"सकाळीच पेपरात वाचलं होतं न त्यांनी. शिवाय तू आत हसलीस जोरात. कानात ते घातलं की तुला कळतच नाही किती जोरात हसतेस. मी उठत होते तुला बोलवायला, तर मला म्हणाले, बैठी रहो. दिवसभर माझ्यामागे धावते ती. आज बघू दे आरामात."



आणि पुढे म्हणाल्या, "झोपले नाहीत मग. तुझ्या खोलीकडे कान लावून पडले होते. तू हसलीस की मला विचारायचे, आता कोण आलं असेल गं?"

अण्णा, मी हसले तेव्हा ट्रॉफी चुकीच्या माणसाला दिली होती. आणि त्याने ती घेतली पण! थँक्यू म्हणायलाही लागला होता.

तुम्ही काय म्हणाला असता, ते ऐकायचंय मला.

नमस्कार करते, अण्णा.